‘गादी सरकली’ म्हणजे नेमकं काय झालं?

‘मणक्याची गादी सरकलीय’ असं कुणी म्हटलं की डोळ्यांपुढे एक चित्र उभं राहतं. मणक्यांची चळत आहे आणि तिच्यातली मधलीच एक चकती बाजूला घसरलीय. चित्र असं दिसलं की उपायही त्यातूनच सुचतो. सरकलीय ना, मग दाबून, ओढून, हिसका देऊन कुणीतरी ती जागेवर बसवून द्यावी. पाठीवर पाय देणाऱ्यांपासून कमरेला वजनं लावून ताणणाऱ्यांपर्यंत कितीतरी जणांचा धंदा या एका क्रियापदावर चालतो.

अडचण एवढीच, की गादी सरकत नाही. वरच्या आणि खालच्या मणक्याला ती इतकी पक्की जोडलेली असते की घसरायला तिथे वावच नसतो. होतं ते असं : तिच्या बाहेरच्या वेष्टनाला एका जागी चीर जाते आणि आतला गर त्या चिरेतून बाहेर येतो. उशीची शिवण उसवून कापूस बाहेर यावा तसा. उसवलेली उशी पलंगावर कितीही नीट मांडली तरी कापूस काही आत जात नाही. डॉक्टर याला हर्निएशन किंवा प्रोलॅप्स म्हणतात, बाकी सगळे स्लिप डिस्क म्हणतात. ‘स्लिप’ हा शब्दही आपल्या ‘सरकली’इतकाच फसवा आहे.

हा नुसता शब्दांचा कीस नाही. फाटलंय हे एकदा पटलं, की या दुखण्यातल्या बऱ्याच चमत्कारिक वाटणाऱ्या गोष्टींचा उलगडा होतो. दुखणं कमरेत सुरू होऊन पायात का उतरतं, एमआरआय वाईट असूनही माणूस ठणठणीत कसा, आणि मुख्य म्हणजे काहीही ‘बसवून’ न देता बहुतेक जण बरे कसे होतात.

आत काय असतं

मानेचे 7, छातीमागचे 12 आणि कमरेचे 5 असे सुटे मणके, आणि त्यांच्या तळाशी त्रिकास्थी. मानेतले सर्वांत वरचे दोन मणके सोडले तर तिथून खाली दर दोन हाडांमध्ये एक गादी, अशा एकूण 23.

गादीच्या बाहेरच्या भागात चिवट तंतूंची कडी असतात, एकाबाहेर एक अशी साधारण 15 ते 25. एका कड्यातले तंतू डावीकडे तिरके, त्याच्या पुढच्यातले उजवीकडे तिरके. टायरच्या रबराखाली आडव्यातिडव्या धाग्यांचे थर असतात, तसलीच ही रचना. सरळ दाब ती उत्तम झेलते. पण अंगाला पीळ दिला की एकाच दिशेचे तंतू ताणले जातात आणि दुसऱ्या दिशेचे सैल पडतात, म्हणजे निम्म्याच तंतूंवर सगळा भार. वाकलेले आहात, हातात वजन आहे आणि त्यातच बाजूला वळलात, तर कंबर नेमकी तेव्हाच का धरते याचं उत्तर या विणीत आहे.

या कड्यांच्या मधोमध जेलीसारखा गर असतो. तरुणपणी त्यात 80 टक्क्यांहून जास्त पाणी असतं. दिवसभर उभं राहून, बसून, चालून ते थोडं थोडं पिळून निघतं आणि रात्री आडवं झालं की गर पुन्हा पाणी ओढून घेतो. संध्याकाळी आपली उंची सकाळपेक्षा एक-दीड सेंटिमीटर कमी भरते ती यामुळेच. सकाळी उठल्या उठल्या गादी पाण्याने तट्ट फुगलेली असते आणि तेव्हा खाली वाकलं की तिच्या मागच्या कडेवर एरवीपेक्षा जास्त ताण येतो. मला हे झालं ते सकाळीच. बेसिनवर ओणवा होऊन तोंड धूत होतो, शिंक आली, आणि कमरेत कुणीतरी काडी मोडावी तसं झालं. एका शिंकेने गादी फाटली असं मी वर्षभर लोकांना सांगत होतो. खरं तर शिंक हे निमित्त. चीर आतून बाहेर येत येत कितीतरी आधीपासून वाढत असते. गादीच्या आतल्या थरांना मज्जातंतूच नसतात, त्यामुळे आत काय चाललंय याचा आपल्याला पत्ता लागत नाही. बाहेरचे थर चिरू लागले की मगच दुखतं.

गादीला रक्तपुरवठाही जवळपास नसतो. मोठ्या माणसात तिचं पोषण मणक्यांच्या पृष्ठभागातून झिरपत येतं. त्यामुळे तिची डागडुजी फार संथ चालते. वय वाढतं तसा गर सुकत जातो, आणि म्हणूनच गर बाहेर येण्याचं प्रमाण तिशी ते पन्नाशीत सर्वांत जास्त दिसतं. सत्तरीत बाहेर यायला तेवढा ओला गर उरलेलाच नसतो. तिथे दुखण्याची कारणं वेगळी असतात.

मग ही चीर जाते कशाने? वजन उचलून, वाकडंतिकडं बसून, असं आपण सर्रास म्हणतो. त्यात तथ्य आहे, पण वाटतं तेवढं नाही. फिनलंडमध्ये एकसारख्या जुळ्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास झाला. एक भाऊ आयुष्यभर अंगमेहनतीच्या कामात आणि दुसरा बैठ्या, अशा जोड्या घेऊन त्यांचे कणे ताडून पाहिले, तर फरक अपेक्षेपेक्षा फारच कमी निघाला. आनुवंशिकतेचा वाटा कामापेक्षा मोठा ठरला. धूम्रपान, वाढलेलं वजन, सतत हादरे बसणारी वाहनं या गोष्टी त्यात भर घालतात. तेव्हा ‘मीच स्वतःची वाट लावून घेतली’ म्हणून झुरत बसायचं कारण नाही.

दुखतं कमरेत, कळ पायात

गादीच्या मागे, बरोबर मध्यावर, एक मजबूत उभा अस्थिबंध असतो. कमरेच्या भागात तो अरुंद होत जातो, त्यामुळे मध्याच्या डाव्या-उजव्या कोपऱ्यांत आधार तुटपुंजा पडतो. गर बहुधा तिथूनच बाहेर येतो. दुर्दैव असं, की पायाकडे जाणाऱ्या नसेचं मूळ त्याच कोपऱ्यापाशी असतं.

इथे बहुतेकांची समजूत असते की नस ‘दबली’ म्हणून दुखतं. अर्धं खरं आहे. हा गर जन्मापासून कड्यांच्या आत बंदिस्त असतो, शरीराच्या रोगप्रतिकारक यंत्रणेशी त्याची जेमतेम ओळख असते. तो बाहेर आला की शरीर त्याला उपरा समजतं, तिथे दाह सुरू होतो आणि त्या रसायनांनी नस चिडते. 1993 साली स्वीडनमधल्या संशोधकांनी डुकरांच्या नसमुळांवर, अजिबात दाब न देता, त्यांच्याच गादीतला गर नुसता ठेवून पाहिला, तरी नसेचं काम बिघडलं. दाब अधिक दाह, असं हे जोडदुखणं आहे. म्हणूनच गर होता तिथेच असला तरी दाह ओसरला की माणसाला बरं वाटायला लागतं.

कमरेत फाटणाऱ्या गाद्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त सर्वांत खालच्या दोन असतात. रिपोर्टवर त्यांची नावं एल फोर-एल फाइव्ह आणि एल फाइव्ह-एस वन अशी येतात. नसेची वाट ठरलेली असल्यामुळे कळ कुठून कुठे जाते एवढं नीट ऐकलं तरी कुठली नस हे बऱ्यापैकी ओळखता येतं. मांडीच्या आणि पोटरीच्या बाहेरच्या अंगाने उतरून पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठ्याकडे गेली तर पाचवी कमरेची नस. कुल्ल्यातून मांडीच्या मागून, पोटरीतून टाचेकडे आणि करंगळीकडे गेली तर तिच्या खालची. मानेतली गादी फाटली तर हाच खेळ खांद्यापासून बोटांपर्यंत चालतो.

सायटिका म्हणतात तो हाच. सायटिका हा स्वतंत्र आजार नाही, नसेच्या वाटेने उतरणाऱ्या कळेचं ते नाव आहे. ही कळ कमरेच्या साध्या दुखण्यासारखी ठणकत नाही. ती चमकते, जाळते, वीज गेल्यासारखी पायात उतरते. खोकलं, शिंकलं, कुंथलं की वाढते. बसल्यावर जास्त, उभं राहून चार पावलं टाकली की थोडी कमी. मी त्या दिवसांत जेवायलाही उभा राहायचो. उसण भरणं वेगळं आणि हे वेगळं. उसणीत दुखतं ते स्नायूत, कमरेच्या आसपास, आणि आठ-पंधरा दिवसांत जातं. इथे कमरेपेक्षा पाय जास्त बोलतो.

टेबलावरची पाच मिनिटं

या दुखण्याचं निदान मुख्यतः तपासणीतून होतं, यंत्रातून नंतर. तुम्हाला उताणं झोपवून डॉक्टर गुडघा न वाकवता पाय हळूहळू वर उचलतात. 30 ते 70 अंशांच्या दरम्यान कुठेतरी गुडघ्याखालपर्यंत कळ गेली तर नसेचं मूळ ताणलं जातंय असा अर्थ घेतात. मांडीच्या मागचा स्नायू नुसता ओढल्यासारखा वाटला तर तो धरत नाहीत. बऱ्या बाजूचा पाय उचलल्यावर दुखऱ्या पायात कळ उठली, तर गादी फाटल्याची शंका फारच पक्की होते.

मग ताकद. ‘पायाचा अंगठा वर धरा, मी खाली दाबतो, दाबू देऊ नका.’ ‘टाचांवर चाला.’ ‘चवड्यांवर चाला.’ मी उजव्या चवड्यावर सहज उंच झालो आणि डाव्यावर उंच व्हायला गेलो तर टाच उचललीच जाईना. दुखत होतं म्हणून नाही, पोटरीला हुकूमच पोचत नव्हता. तोवर मला फक्त कळ जाणवत होती, पायातली ताकद गेलीय हे त्या क्षणी कळलं. शेवटी रबरी हातोडी. गुडघ्यावर मारली, पाय उडाला. डाव्या टाचेच्या वर मारली, पाऊल ढिम्म.

या पाच मिनिटांत कुठली नस, किती बिघाड आणि किती घाई, यातलं बरंचसं ठरतं. ज्या तपासणीत तुम्हाला टेबलावर झोपवलंच नाही आणि थेट फिल्म उजेडात धरून बोलणं सुरू झालं, ती तपासणी अपुरी आहे असं मी बेधडक म्हणेन.

कारण फिल्ममध्ये दिसणं आणि दुखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 1994 साली अमेरिकेत 98 जणांचे एमआरआय काढले गेले. यांतल्या कुणालाच कंबरदुखी नव्हती. त्यातल्या 52 टक्के लोकांच्या निदान एका तरी गादीला फुगवटा होता आणि 27 टक्के लोकांच्या गादीचा भाग चक्क बाहेर डोकावत होता. 2015 साली अशा अनेक अभ्यासांची एकत्र मोजदाद झाली. दुखणं नसलेल्या विशीतल्या लोकांपैकी 37 टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या आणि ऐंशीतल्यांपैकी 96 टक्क्यांच्या. म्हणजे ‘डिजनरेशन’ हा शब्द रिपोर्टवर वाचून ज्याची झोप उडते त्याने एवढं लक्षात घ्यावं, की तो शब्द बऱ्याचदा सुरकुत्या आणि पांढऱ्या केसांच्या जातीचा असतो.

एमआरआय निरुपयोगी आहे असं नाही. तपासणीत जी नस सापडली तिच्याशीच फिल्ममधला बाहेर आलेला गर जुळतो का, हे पाहायला तो लागतो. पायाची ताकद कमी होत असेल, सहा-आठ आठवड्यांनीही कळ हटत नसेल, इंजेक्शन किंवा ऑपरेशनचा विचार असेल, किंवा ताप, मोठा अपघात, पूर्वीचा कर्करोग, कारण नसताना घटलेलं वजन यांपैकी काही असेल तर तो काढायलाच हवा. पहिल्या आठवड्यात, नुसती कंबर धरली म्हणून काढला तर पैशांपरी पैसे आणि वर धास्ती.

रिपोर्टमधले चार शब्द मात्र ओळखीचे असलेले बरे. ‘बल्ज’ म्हणजे गादी सगळीकडून थोडी फुगली आहे. ‘प्रोट्रूजन’ म्हणजे एका जागी टेंगूळ आलंय, पण बुड रुंद आहे. ‘एक्स्ट्रूजन’ म्हणजे गर वेष्टनाबाहेर पडलाय. ‘सीक्वेस्ट्रेशन’ म्हणजे बाहेर पडलेला तुकडा मूळ गादीपासून तुटून सुटा झालाय. वाचताना प्रत्येक पुढचा शब्द आधीच्यापेक्षा भयंकर वाटतो. बरं होण्याच्या बाबतीत मात्र क्रम उलटा आहे.

शरीर तो तुकडा खातं

वर म्हटलं ना, की गर बाहेर आला की शरीर त्याला उपरा समजतं? ज्या दाहामुळे आपण पहिले दोन आठवडे तळमळतो, त्याच दाहाबरोबर तिथे नव्या बारीक रक्तवाहिन्या येतात आणि भक्षक पेशी दाखल होतात. त्या हा गर शब्दशः कुरतडून खातात. जितका तो वेष्टनापासून सुटा, तितका त्यांच्या तावडीत लवकर सापडतो. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, ऑपरेशनशिवाय आपोआप आकसण्याचं प्रमाण नुसत्या फुगवट्यात 13 टक्के, टेंगळात 41 टक्के, बाहेर पडलेल्या गरात 70 टक्के आणि पूर्ण तुटलेल्या तुकड्यात 96 टक्के निघालं. रिपोर्टमधला सर्वांत भीतिदायक शब्द आणि नाहीसं होण्याची सर्वांत जास्त शक्यता, हे एकाच ओळीत आहेत. वेष्टनाची चीर पहिल्यासारखी होत नाही, तिथे व्रण राहतो, पण नस मोकळी होते.

म्हणून या दुखण्यावरचं मुख्य औषध वेळ. ऐकायला फार उडवाउडवीचं वाटतं, विशेषतः रात्री तीन वाजता कुशीवर वळता येत नसताना. पण बहुतेकांची पायातली कळ 6 ते 12 आठवड्यांत बरीच उतरते. बाकीचे सगळे उपचार म्हणजे तेवढे दिवस सुसह्य करण्याची सोय, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

झोपून राहायचं की नाही? एके काळी लोकांना आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळवून ठेवत. 1999 साली नेदरलँड्समध्ये सायटिकाच्या 183 रुग्णांपैकी निम्म्यांना दोन आठवडे सक्त विश्रांती दिली आणि निम्म्यांना जमेल तसं हिंडाफिरायला सांगितलं. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांतले सारखेच, 87 टक्के लोक सुधारलेले होते. झोपून राहिल्याने काही साधत नाही, उलट स्नायू सुकतात आणि भीती वाढते. असह्य असेल तर एक-दोन दिवस आडवं व्हावं. गुडघ्यांखाली उशी, किंवा कुशीवर झोपून दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी. मग उठावं आणि थोडं थोडं चालावं. दहा मिनिटांच्या चार फेऱ्या चाळीस मिनिटांच्या एका फेरीपेक्षा बऱ्या. अगदी कडक फळीवर झोपण्याचा आग्रहही सोडून द्यावा, ज्या अंथरुणावर झोप लागते ते चांगलं.

व्यायामाचं एक तत्त्व मात्र मी मनापासून सांगेन, कारण त्यानेच मला दिशा दिली. न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांनी 1950 च्या दशकात एक गोष्ट टिपली. काही हालचालींनी पायातली कळ वर सरकत जाते. आधी पोटरीतून मांडीत, मग कुल्ल्यात, मग नुसती कमरेत. कंबर कधी कधी आधीपेक्षा जास्त दुखते, पण पाय सुटतो. हे चांगलं लक्षण. उलट, ज्या हालचालीने कळ आणखी खाली उतरते, ती तूर्त नको. पुष्कळांना पालथं झोपून कोपरांवर छाती उचलल्याने कळ वर जाते, काहींना त्याने त्रासच होतो. म्हणून यादी पाहून व्यायाम करण्यापेक्षा फिजिओथेरपिस्टसमोर एकेक हालचाल करून पाहावी आणि आपल्या पायाला विचारावं. पहिल्या आठवड्यांत पाय सरळ ठेवून जमिनीला हात लावण्याचा हट्ट कुणीच करू नये.

गोळ्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दाह कमी करणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांनी थोडा उतार पडतो. जठर, मूत्रपिंड किंवा हृदयाची तक्रार असणाऱ्यांनी त्या मनाने घेऊ नयेत. नसेच्या दुखण्यावर म्हणून प्रीगॅबालिन सर्रास दिलं जातं. 2017 साली ऑस्ट्रेलियात सायटिकाच्या 209 रुग्णांवर त्याची चाचणी झाली तेव्हा ते खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही, चक्कर मात्र जास्त आली. कंबर ताणण्याच्या उपचाराचा चाचण्यांमध्ये फारसा फायदा दिसलेला नाही. पट्टा प्रवासापुरता ठीक. पायात कमजोरी असताना कंबरेला जोरात हिसका देणारा कुणीही असो, त्याच्या हाती पाठ देऊ नये. मणक्याच्या पोकळीत नसेजवळ स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात, त्याने काहींना काही आठवड्यांचा आराम मिळतो. गर त्याने जात नाही, पण तेवढ्या अवधीत शरीराचं काम पुढे सरकतं आणि माणसाला झोप मिळते. हा सौदा काही वाईट नाही.

ऑपरेशन कधी

या ऑपरेशनची सुरुवात मजेशीर आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शल्यविशारद मणक्याच्या पोकळीतून असे तुकडे काढत, पण त्यांना ते कूर्चेच्या गाठी समजत. बॉस्टनमधल्या विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार यांनी 1934 साली दाखवून दिलं, की या गाठी नाहीत, गादीतूनच बाहेर आलेला हा माल आहे. पायातल्या कळेचं मूळ कमरेतल्या फाटलेल्या गादीत असतं हे वैद्यकाला तेव्हा नीट उमगलं.

आज सूक्ष्मदर्शकाखाली दोन-तीन सेंटिमीटरच्या छेदातून हे ऑपरेशन करतात, दुर्बिणीतून त्याहून लहान. पूर्ण गादी काढत नाहीत, नसेवर आलेला तुकडा तेवढा काढतात. पायातली कळ बहुतेकांना शुद्धीवर येताच कमी झालेली जाणवते. कंबरदुखीची मात्र हमी नाही. ज्याला फक्त कंबरच दुखते, पाय नाही, त्याला या ऑपरेशनचा फायदा होईलच असं सांगता येत नाही, आणि निराशा बहुधा इथेच पदरी येते.

2007 साली नेदरलँड्समधूनच एक चाचणी प्रसिद्ध झाली. दीड ते तीन महिने सायटिकाने त्रस्त असलेले 283 रुग्ण. निम्म्यांचं लवकर ऑपरेशन, निम्म्यांना थांबा, लागलंच तर नंतर करू. लवकर ऑपरेशन झालेले साधारण 4 आठवड्यांत बरे झाले, थांबलेले 12 आठवड्यांत. वर्षअखेरीस दोन्हींकडे 95 टक्के लोक बरे. थांबलेल्यांपैकी 39 टक्क्यांना मात्र मध्येच ऑपरेशन करून घ्यावं लागलं. माझ्या लेखी या आकड्यांचा अर्थ असा, की ऑपरेशन वेळ विकत घेऊन देतं. ज्याला दोन महिने कामावर न जाणं परवडणारच नाही, ज्याची झोप पार उडालीय, त्याने ते करून घेण्यात भित्रेपणा नाही आणि थांबण्यात शौर्य नाही. ऑपरेशननंतरही त्याच जागी पुन्हा गर बाहेर येण्याची शक्यता शंभरात 5 ते 15 एवढी राहते.

एक परिस्थिती अशी आहे की तिथे हा सगळा विचार बाजूला ठेवायचा. पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि तिथून पुढे नसांचा झुपका खाली लोंबतो. घोड्याच्या शेपटीसारखा दिसतो, म्हणून लॅटिनमध्ये त्याचं नावही तेच, कॉडा इक्वायना. मोठा तुकडा मधोमध येऊन या झुपक्यावर बसला तर लघवी तुंबते किंवा नकळत होते, शौचावरचा ताबा जातो, आणि खोगिरावर बसल्यावर जेवढा भाग टेकेल तेवढा, म्हणजे जांघा, गुदद्वार आणि जननेंद्रियाभोवतीची त्वचा, बधिर होते. पुसताना कळेनासं होतं, असं रुग्ण सांगतात. दोन्ही पाय लुळे पडू लागतात. यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही, तातडीच्या विभागात जायचं. एक-दोन दिवसांत नसा मोकळ्या झाल्या नाहीत तर लघवीचा ताबा कायमचा जाऊ शकतो. हे क्वचितच घडतं, पण लाजेपायी सांगायचं राहून जातं ते नेमकं हेच. एकाच पायाची ताकद दिवसागणिक कमी होत असेल, चालताना पाऊल जमिनीवर फटकन आपटत असेल, तरीही दुसऱ्या दिवसाच्या आत दाखवावं.

बरं झाल्यावर

वजन उचलायचं की नाही, हा पुढचा हमखास प्रश्न. 1999 साली जर्मनीतल्या संशोधकांनी एका निरोगी स्वयंसेवकाच्या कमरेच्या गादीत दाबमापक बसवून दिवसभर मोजमाप घेतलं. पडून असताना दाब 0.1 मेगापास्कल, उभं असताना 0.5. पाठीतून वाकून 20 किलो उचलले तेव्हा 2.3, गुडघ्यांतून वाकून उचलले तेव्हा 1.7. तेच वजन छातीशी धरलं तर 1.1 आणि हात लांबवून धरलं तर 1.8. वाकण्याच्या पद्धतीइतकाच फरक वजन अंगापासून किती दूर आहे यानेही पडतो, आणि हे सहसा कुणी सांगत नाही. आधी जवळ ओढा, मग उचला, वळायचं असेल तर कमरेतून न वळता पावलं टाकून वळा. पण जन्मभर काहीच उचलायचं नाही, हा सल्ला मी मनावर घेतला नाही. कणा वापराने टिकतो. तीन महिन्यांनी हळूहळू वजन वाढवत मी पूर्वीइतकं उचलायला लागलो.

माझा तुकडा नंतरच्या एमआरआयमध्ये दिसला नाही. कळ अकराव्या आठवड्यात गेली, चवड्यावर उभं राहायला पाच महिने लागले, करंगळीच्या कडेला अजून थोडं बधिर आहे. ताकद परत येते, टाचेवरची ती उसळी पुष्कळदा येत नाही आणि तिच्यावाचून चालताना काही अडतही नाही. परवा नेहमीच्या तपासणीत डॉक्टरांनी सवयीने हातोडी मारली. उजवं पाऊल उडालं, डावं ढिम्म. त्यांनी भुवई उंचावली, मी बूट घालायला वाकलो.